किनाऱ्यावरची आरएक्स १००: इंजिनात काय वाढवावं, कशाला हात लावू नये

प्रश्न असा आहे. पावसला घर, काकांकडून आलेली १९९३ सालची यामाहा आरएक्स १००, गेली काही वर्षं पडवीत उभी. आता ती रोज पावस ते रत्नागिरी चालवायची आहे आणि महिन्यातून एक-दोनदा आंबा घाटातून कोल्हापूरला न्यायची आहे. गाडीला पहिल्यासारखा पिकअप नाही. गॅरेजमधून तीन सल्ले मिळाले: आरएक्स १३५चा ब्लॉक (सिलिंडर) बसवा; पोर्टिंग करून, म्हणजे सिलिंडरमधली मिश्रण आणि धुराची छिद्रं घासून मोठी करून, एक्सपान्शन चेंबर (शंकूच्या आकाराचा फुगीर सायलेन्सर) आणि २८ मिमीचा कार्बोरेटर लावा; किंवा आहे तेच इंजिन नीट बांधा. यातलं काय निवडावं?

इंजिन आहे तेच ठेवा. ते हवाबंद करा, बोअर-पिस्टन नवं घ्या, हेडचं स्क्विश (पिस्टन आणि हेडमधली फट) जुळवा आणि जेटिंग, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या छिद्राचं माप ठरवणं, समुद्रसपाटीवर करा. एवढं झाल्यावर हजार-दोन हजार किलोमीटर चालवा. तरीही काही कमी वाटलं, तर हलकं पोर्टिंग. १३५चा ब्लॉक आणि २८चा कार्बोरेटर तुमच्या रस्त्यासाठी मी सुचवणार नाही. का, ते पुढे सविस्तर लिहितो, कारण ही गाडी १९९६ साली बंद झाली आणि चांगले क्रँककेस (इंजिनाचं खालचं कवच) आता सहज मिळत नाहीत. एकदा कापलेलं धातूकाम परत येत नाही.

कंपनीतून निघताना या इंजिनाचे आकडे असे होते: बोअर ५० मिमी, स्ट्रोक ५० मिमी, ९८ सीसी, ७५०० आरपीएमला ११ बीएचपी. गाडीचं वजन शंभर किलोच्या आसपास. एवढ्या हलक्या गाडीला ११ बीएचपी पुष्कळ होतात. पण उभ्या राहिलेल्या गाडीत ते राहिलेले नसतात, आणि ते कुठे गेले हे न शोधता वर नवे पार्ट चढवले की पिस्टन जाम होतो.

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हा पंप असतो. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथे ओढलं जातं, दाबलं जातं आणि मग पोर्टमधून वर जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. डावीकडचं मॅग्नेटच्या मागे, उजवीकडचं क्लचच्या बाजूला. आपल्याकडच्या खाऱ्या दमट हवेत गाडी वर्षभर उभी राहिली की क्रँकवर सीलच्या ओठाखाली गंजाची बारीक रेघ धरते, आणि गाडी सुरू केली की ती रेघ रबर खरवडते. डावं सील गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आयडलिंग वर-खाली होतं, थ्रॉटल सोडल्यावर इंजिनाचा वेग लगेच उतरत नाही. उजवं गेलं तर गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा धूर थांबत नाही आणि गिअरबॉक्समधलं ऑइल कमी होत जातं. दोन्ही लक्षणं लोक कार्बोरेटरवर ढकलतात.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. रक्तदाब मोजायच्या यंत्राचा फुगा आणि डायल घ्या. एक्झॉस्टच्या तोंडावर रबराचा तुकडा आणि लोखंडी पट्टी आवळा. कार्बोरेटर काढून मॅनिफोल्डला रबरी बूच लावा आणि त्यातून नळी आत घ्या. ऑइल पंपाची बारीक नळी जिथे आत जाते ते छिद्रही बंद करा. हे विसरलं की चांगलं इंजिनसुद्धा गळकं दिसतं. पिस्टन तळाला आणा, प्लग घट्ट असू द्या, आणि डायल ३०० मिमीपर्यंत चढवा. हा दाब सुमारे ६ पीएसआय होतो. त्याहून जास्त दाब देऊ नका, सील बाहेर ढकललं जातं. चांगलं बांधलेलं इंजिन हा दाब मिनिटभर जवळजवळ तसाच धरतं. मिनिटाला ५० मिमीहून जास्त उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा: ब्लॉकखालचं पॅकिंग, हेड, मॅनिफोल्ड, मॅग्नेटच्या मागे. उजवं सील दिसत नाही, म्हणून गिअर ऑइल ओतायच्या भोकावर साबणाचा पडदा धरा. तो फुगला की निदान झालं.

सील बदलायला क्रँककेस उघडावाच लागला, तर क्रँकही त्याच वेळी बघा. कनेक्टिंग रॉडला उभी हालचाल शून्य हवी. आडवी थोडी असतेच, ती दोष नाही. बेअरिंग हाताने फिरवताना खरखर आली तर टाकून द्या. नवीन घेताना सी-३ क्लिअरन्सचं (आतून थोडं जास्त सैल) घ्या, साधं घेतलं तर गरम झाल्यावर आवळतं. रॉड किट बदलल्यावर क्रँक दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेजने रनआउट, म्हणजे फिरताना क्रँक किती डुलतो ते, बघायला लावा. ०.०३ मिमीच्या आत आला पाहिजे. हातोडीने अंदाजे सरळ केलेला क्रँक नवीन बेअरिंग आणि सील दोन्ही खातो.

आता बोअर. ब्लॉकला ओतीव लोखंडाची स्लीव्ह असते, त्यामुळे बोरिंग करता येतं. पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी मोठे मिळतात. "मोठा पिस्टन टाका, ताकद वाढेल" हे ऐकू नका. ५१ मिमीला सीसी १०२ होते, म्हणजे चार टक्के. ती वाढ पावसच्या रस्त्यावरही जाणवणार नाही, पण स्लीव्हचं आयुष्य मात्र संपलं. ज्या मापाला ओरखडे निघून बोअर साफ येतो, तिथेच थांबा.

पिस्टन आधी घ्या, मग बोरिंगला द्या. लेथवाल्याला पिस्टन हातात देऊन सांगा की पिस्टनचा स्कर्ट (खालचा भाग) खालच्या टोकाजवळ, गजन पिनच्या (पिस्टनला रॉडशी जोडणारी पिन) काटकोनात मोज आणि त्यावर ०.०४ ते ०.०५ मिमी क्लिअरन्स ठेव. डुप्लिकेट पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतात. तसाच घ्यावा लागला तर ०.०६ ठेवा, थंडीत थोडा आवाज येईल तो येऊ द्या. होनिंग (बोअरची शेवटची घासाई) झाल्यावर सगळ्या पोर्टच्या कडा बारीक तिरप्या घासून घ्या. बोरिंगनंतर त्या कडा ब्लेडसारख्या धारदार राहतात आणि रिंग तिथे अडकते. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि नेमकं तेच वगळलं जातं. ब्लॉक गरम साबणाच्या पाण्याने घासून धुवा. पांढरं फडकं आत फिरवल्यावर काळं निघू नये. रिंगची टोकं बोअरमध्ये ०.१५ ते ०.३५ मिमी अंतरावर यायला हवीत. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे, आणि गजन पिनच्या सर्कलिपचं तोंड वर किंवा खाली, बाजूला कधीच नाही.

इथून पुढे खरी सुधारणा सुरू होते, आणि सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त देणारी सुधारणा म्हणजे स्क्विश. पिस्टन सगळ्यात वर असताना त्याची कड आणि हेडची कड यांतली फट म्हणजे स्क्विश. ती फट बरोबर असली की मिश्रण कडेकडून दाबलं जाऊन प्लगकडे जोरात जातं, जळणं लवकर आणि पूर्ण होतं, खालच्या आरपीएमला ओढ वाढते. हेड पुन्हापुन्हा उघडून जाड पॅकिंग टाकलेल्या गाड्यांत ती हमखास वाढलेली असते. मोजायला दोन मिमी जाडीची सोल्डरिंगची तार घ्या. प्लगच्या भोकातून गजन पिनच्या रेषेत भिंतीला टेकेपर्यंत घाला, मॅग्नेट हाताने वरच्या टोकापलीकडे फिरवा, चेपलेलं टोक कॅलिपरने मोजा. डावीकडे-उजवीकडे दोन्हीकडे मोजून सरासरी घ्या. १.० ते १.१ मिमीपर्यंत हेड फेस करून, म्हणजे त्याचा तळ घासून, आणा. ०.८च्या खाली गेलात तर तापलेल्या इंजिनात पिस्टन हेडला टेकू शकतो. फेस करताना कम्प्रेशनही वाढतं. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलचा ऑक्टेन त्याला पुरा पडतो, पण चढाला फुल थ्रॉटलवर टणटण असा नॉकिंगचा आवाज आला तर हेडच्या घुमटातून थोडा धातू काढून घ्या. स्क्विश मात्र तीच ठेवा.

पेट्रोलचा विषय निघाला तर तो पूर्णच करू. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. त्यातून तीन गोष्टी होतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पातळ पडतं. जुने रबर फुगतात: पेट्रोल कॉकचा वॉशर, फ्लोटच्या सुईचं टोक, नळी. हे तिन्ही नवीन घ्या, मिळालं तर व्हिटॉनचं (इंधनाला टिकणारं रबर). आणि इथेनॉल पाणी ओढतं. जुलैत टाकीच्या झाकणातून पाणी गेलं आणि ते मर्यादेबाहेर झालं, की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात. पेट्रोल कॉक तळातूनच ओढतो. ज्या गाडीत टू-टी ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून घातलेलं असतं, त्या गाडीच्या तळाच्या त्या थरात ऑइल नसतं, ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं. इंजिनाला काही मिनिटं ऑइलविना चालावं लागतं.

म्हणून ऑटोल्यूब पंप, म्हणजे वेगळ्या टाकीतलं टू-टी ऑइल इंजिनाला देणारा पंप, काढू नका. "पंप बिघडतो, मिक्स करून घाला" हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि सपाट रस्त्यावर तो चालूनही जातो. घाटात चालत नाही. आंबा घाट उतरताना थ्रॉटल बंद, गाडी गिअरमध्ये, इंजिन उतारामुळे पाच-सहा हजारांवर फिरतंय. मिक्सवाल्या गाडीत थ्रॉटल बंद म्हणजे पेट्रोल बंद, आणि पेट्रोल बंद म्हणजे ऑइलही बंद. साखरपा येईपर्यंत बोअर कोरडा होत जातो, आणि सपाटीला लागून थ्रॉटल उघडला की पिस्टन धरतो. पंप इंजिनाच्या वेगावर आणि थ्रॉटलच्या तारेवर, दोन्हींवर चालतो, म्हणून थ्रॉटल बंद असतानाही थोडं ऑइल देत राहतो. पंपाची तार लावताना पुलीवरची खूण जुळवा, नळीतली हवा ब्लीड स्क्रूने पूर्ण काढा, पारदर्शक नळी लावली असेल तर बुडबुडा सरकताना दिसतो. ऑइल जासो (JASO) एफडी दर्जाचं घ्या. ज्यांनी पंप आधीच काढून टाकलाय त्यांनी लिटरला २५ ते ३० मिली मिसळावं आणि उतारावर दर थोड्या अंतराने क्लच दाबून थ्रॉटल हलकेच उघडावा.

टाकी आतून गंजलेली असणारच. लिटरभर गरम पाण्याला १०० ग्रॅम लिंबूसत्त्व, टाकी काठोकाठ भरून रात्रभर ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, लगेच वाळवा आणि पेट्रोल-ऑइलने आतून ओली करा. धुऊन तशीच ठेवली तर दुपारपर्यंत पुन्हा तांबूस होते.

जेटिंग. किनाऱ्यावरच्या माणसाने हे नीट समजून घ्यावं, कारण पुण्या-कोल्हापुरात बांधून आणलेली इंजिनं इथे जाम होण्याचं हे मोठं कारण आहे. दर शंभर मीटर उंचीला हवेची घनता साधारण एक टक्क्याने घटते. कोल्हापूर साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे. तिथे प्लगला सुरेख तपकिरी रंग देणारा जेट खाली रत्नागिरीत आला की हवा पाच टक्क्यांनी दाट मिळते आणि मिश्रण तेवढंच पातळ होतं. त्यात डिसेंबरच्या पहाटेची थंडी धरली तर आणखी. उलट, रत्नागिरीला बसवलेला जेट घाटावर थोडा जाड पडतो: गाडी किंचित जड वाटते, प्लग काळपट होतो, पण नुकसान काही होत नाही. म्हणून जेटिंग नेहमी खाली, थंडीच्या सकाळी करा.

पद्धत अशी. आत्ता जो मेन जेट आहे त्याच्यापेक्षा दोन-तीन पायऱ्या मोठ्यापासून सुरुवात करा आणि खाली या. फुल थ्रॉटलला गाडी अडखळत, फटफट करत चालली म्हणजे जाड आहे. एकेक पायरी कमी करत जा. स्वच्छ ओढू लागली की तिथे थांबून प्लग तपासा: नवीन प्लग, तिसऱ्या गिअरमध्ये फुल थ्रॉटल अर्धा किलोमीटर, तसाच थ्रॉटल उघडा ठेवून क्लच दाबा आणि त्याच क्षणी चावी बंद. रिकाम्या, सरळ रस्त्यावर, पहाटेच हे करायचं. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीच्या अगदी तळाशी कड्यासारखा तपकिरी पट्टा दिसायला हवा. पूर्ण पांढरा असेल तर लगेच मोठा जेट. सगळं ठीक वाटल्यावर एक पायरी मोठा जेट टाका आणि तोच कायम ठेवा. अर्ध्या थ्रॉटलचा कारभार कार्बोरेटरच्या स्लाइडमधल्या सुईच्या क्लिपवर असतो. रोजच्या पावस-रत्नागिरी फेरीत तुम्ही बहुतेक वेळ तिथेच असता, त्यामुळे क्लिपकडे दुर्लक्ष करू नका. मिश्रण पातळ वाटलं तर क्लिप एक खाच खाली, म्हणजे सुई वर. स्क्विश घट्ट केल्यावर प्लग एक अंक थंड घ्या. एनजीकेमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग.

कार्बोरेटर मूळचाच, मिकुनी २० मिमीचा ठेवा. घसा झिजून स्लाइड खडखडत असेल तर नवीन घ्या, पण त्याच मापाचा. पोर्टिंग केलंत तर २४ मिमी पुरतो. २८चं तोंड मोठं, त्यातून कमी आरपीएमला हवेचा वेग इतका मंदावतो की पेट्रोल नीट उचललं जात नाही. भाट्याच्या पुढचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये अर्ध्या थ्रॉटलवर चढताना गाडी घुटमळेल. उघडा, शंकूसारखा एअर फिल्टर तर कोकणात नकोच. चार महिने पाऊस, उरलेले आठ महिने जांभ्याची लाल धूळ. ती धूळ रिंगला पॉलिश पेपरसारखी घासते. मूळचा फिल्टर बॉक्स, त्यात तेल लावलेला फोम, महिन्याला धुणं, हेच बरं. रीडच्या (मिश्रण फक्त आत जाऊ देणारी झडप) पट्ट्या उजेडाकडे धरून बघा. टोकाला फट दिसली किंवा कडेला चीर असेल तर फायबरच्या घाला. त्या पोलादी पट्टीसारख्या तुटून इंजिनात जाऊन बोअर फाडत नाहीत.

आता पोर्टिंग आणि चेंबर. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड एक मिमी वर नेली की या ५० मिमी स्ट्रोकमध्ये पोर्ट उघडा राहण्याचा काळ साधारण साडेचार-पाच अंशांनी वाढतो. ताकद वरच्या आरपीएमला सरकते, खालची ओढ कमी होते. एक्सपान्शन चेंबरही तेच करतो: त्याच्या मागच्या शंकूवरून परतणारी दाबाची लाट निसटतं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते, पण ती लाट ठरावीक आरपीएमलाच वेळेवर पोचते. त्या पट्ट्याच्या खाली इंजिन मूळच्यापेक्षाही मलूल. आणि तुमच्या गाडीला गिअर चारच. घाटाच्या वळणावर तिसरा टाकला की आरपीएम त्या पट्ट्याखाली पडणार, दुसरा टाकला की इंजिन किंचाळणार. पाच गिअरची गाडी असती तर मी वेगळं लिहिलं असतं.

म्हणून करायचंच असेल तर एवढं करा: ट्रान्सफर पोर्टमधले ओतकामाचे उंचवटे साफ करा, ब्लॉकखालच्या पॅकिंगशी आणि क्रँककेसशी त्यांची तोंडं जुळवा, एक्झॉस्ट पोर्ट वर अर्धा मिमी आणि रुंदीला बोअरच्या ६२ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ३१ मिमी. आधी डिग्री व्हील (क्रँकचे अंश मोजायची चकती) लावून मूळचे अंश लिहून ठेवा. पोर्टला आकार लंबगोल द्या. चौकोनी केला की रिंग बाहेर डोकावते आणि कोपऱ्यात अडकते. सायलेन्सर मूळचा ठेवा, आतली जाळी काढून कार्बन जाळून साफ करा. कित्येक गाड्यांचा गेलेला पिकअप त्या जाळीतच अडकलेला असतो. पातळ पत्र्याचा चेंबर खाऱ्या हवेत आतून आणि बाहेरून दोन्हीकडून सडतो, हेही लक्षात घ्या.

१३५च्या ब्लॉकचं आकर्षण मला समजतं. ५८ मिमी बोअर, १३२ सीसी, आणि मुख्य म्हणजे वाढ खालच्या ओढीत मिळते, घाटाला हवी तशी. पण तो तुमच्या क्रँककेसवर बसवायला खालच्या स्लीव्हसाठी केसचं तोंड बोअर करावं लागतं. तिथे भिंत पातळ होते, पॅकिंगला बसायला जागा कमी राहते, आणि गळतीची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून. जड पिस्टनमुळे मूळच्या क्रँकचं संतुलन बदलतं, हँडल आणि फूटरेस्टमध्ये कंप येतो. क्लच स्प्रिंगही बदलाव्या लागतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवर नोंदलेला तपशील परवानगीशिवाय बदलता येत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणाला गाडी तपासणीला न्यावी लागते, तिथे सीसी किंवा इंजिन नंबर जुळला नाही तर कागद अडतात. तुमचा मूळ नंबरचा केस शाबूत आहे. तो कापू नका.

घाटासाठी ओढ हवी असेल तर पुढचं स्प्रॉकेट बघा. आधीच्या कुणी वेगासाठी एक दात मोठं घातलेलं असतं. चौदाचं पंधरा केलं की गिअरिंग सात टक्क्यांनी लांब होतं. मूळच्या मापावर आणलंत तर हेडला हात न लावता चढाचा फरक कळेल. ब्रेकचे लायनर आणि ड्रम याच वेळी करून घ्या, इंजिन सुधारून झाल्यावर नाही.

इंजिन बांधून झालं की पहिल्या दिवशी तीनदा फक्त गरम करायचं: फिनला हात लावता येणार नाही इतकं तापलं की बंद, आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं. त्यानंतर थंड इंजिनावर हेडचे नट कर्णरेषेत पुन्हा आवळा. पहिली टाकी पंपाच्या जोडीला लिटरमागे १० मिली ऑइल पेट्रोलमध्ये मिसळून वापरा. पहिले अडीचशे किलोमीटर अर्ध्या थ्रॉटलच्या आत, एकाच वेगावर लांब न चालवता. पाचशेपर्यंत फुल थ्रॉटल क्षणभरच. कोल्हापूरची फेरी पाचशेनंतर. पहिल्यांदा जाल तेव्हा साखरप्याला थांबून पंधरा मिनिटं इंजिन निवू द्या, प्लगचा रंग बघा आणि मगच घाट चढा. पावसाळ्यात महिनाभर गाडी निघणार नसेल तर टाकी काठोकाठ भरा, कार्बोरेटरची वाटी रिकामी करा, प्लग काढून दोन चमचे टू-टी ऑइल आत सोडा, किक आठ-दहा वेळा हाताने दाबा आणि पिस्टन वर, एक्झॉस्ट पोर्ट बंद राहील अशा जागी थांबवून ठेवा.